लॅपटॉपचा चार्जर लावून ठेवायचा की काढायचा? बॅटरी समजून घेऊ

दिवसभर टेबलावर काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा प्रश्न पडतो, आणि त्यावर घरातली, ऑफिसातली, दुकानातली माणसं वेगवेगळी उत्तरं देतात. नेमकं उत्तर असं: चार्जर लावून ठेवला म्हणून बॅटरी जास्त चार्ज होत नाही, कारण 100 टक्क्यांना लॅपटॉप स्वतःच चार्जिंग तोडतो. मात्र बॅटरी सतत पूर्ण भरलेली राहिली तर ती लवकर म्हातारी होते, आणि भरलेली असताना गरमही राहिली तर फारच लवकर. भरलेपणा आणि उष्णता, या दोन गोष्टी डोक्यात ठेवल्या की बाकीचे बहुतेक नियम आपले आपल्यालाच सुचतात.

बॅटरीबद्दलचे जे सल्ले अजून ऐकू येतात, ते बरेचसे जुन्या काळातले आहेत. 'नवा लॅपटॉप आणला की आधी आठ तास चार्ज करा', 'पूर्ण संपल्याशिवाय चार्जिंगला लावू नका' हे निकेल-कॅडमियम बॅटरीसाठी ठीक होतं. तिला अर्धवट वापरून पुन्हा पुन्हा भरलं की ती तेवढीच क्षमता असल्यासारखी वागायची. सोनीने 1991 मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि पुढे लॅपटॉपमध्ये तीच रुळली. या बॅटरीच्या पायाभूत कामासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना 2019 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हिला पूर्ण रिकामं करणं मानवत नाही. नवा लॅपटॉप पहिल्या दिवशी 40 टक्क्यांवर सुरू केला तरी काही बिघडत नाही.

आत काय असतं

लॅपटॉपचं खालचं झाकण उघडलं की, टाइप करताना आपण तळहात टेकवतो त्या भागाखाली एक काळी चपटी पट्टी दिसते. ती बॅटरी. तिच्यात दोन, तीन किंवा चार चपटे सेल एकापुढे एक जोडलेले असतात, आणि एका कडेला बारीक सर्किट असतं. जुन्या, काढता येणाऱ्या बॅटरीत याच जागी 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब असे गोल सेल असायचे.

प्रत्येक सेलमध्ये दोन पत्रे असतात. तांब्याच्या पातळ पत्र्यावर ग्राफाइटचा लेप, ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लिथियम असलेल्या धातूच्या ऑक्साइडचा लेप. दोघांच्या मध्ये प्लास्टिकचा सच्छिद्र पडदा, आणि सगळं एका ज्वलनशील द्रवात भिजलेलं. चार्ज करताना लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, ऑक्साइडमधून निघून पडद्यातून पलीकडे जातात आणि ग्राफाइटच्या थरांत बसतात. आपण काम करतो तेव्हा ते परत येतात. बॅटरीचं सगळं आयुष्य म्हणजे या येण्याजाण्यासाठी किती लिथियम शिल्लक आहे, एवढंच.

आता स्टिकर वाचू. समजा त्यावर 11.4 व्होल्ट, 4400 एमएएच, 50 वॅट-अवर असं छापलंय. 11.4 म्हणजे प्रत्येकी 3.8 व्होल्टचे तीन सेल. त्याच स्टिकरवर बारीक अक्षरात 13.05 व्होल्ट असाही आकडा बऱ्याचदा असतो. ती चार्जिंगची कमाल मर्यादा, म्हणजे एका सेलमागे 4.35. साध्या 3.6 किंवा 3.7 व्होल्टच्या सेलला ही मर्यादा 4.2 असते. 4400 एमएएच म्हणजे 4.4 अँपिअर-अवर. 11.4 ला 4.4 ने गुणलं की 50.16 वॅट-अवर मिळतात, म्हणजे बॅटरीत मावणारी एकूण ऊर्जा, आणि खरं महत्त्व याच आकड्याला. लॅपटॉप सरासरी 10 वॅट खात असेल तर 50 वॅट-अवरच्या नव्या बॅटरीवर साधारण पाच तास चालेल. 20 वॅट खात असेल तर अडीच. नुसत्या एमएएचवरून दोन लॅपटॉपच्या बॅटऱ्यांची तुलना करू नका. व्होल्टेज वेगळं असेल तर ती तुलना फसवी ठरते.

80 पर्यंत भरभर, मग रेंगाळत

आपण ज्याला चार्जर म्हणतो तो खरं तर अडॅप्टर. तो घरातल्या 230 व्होल्टच्या एसीचं 19.5 किंवा 20 व्होल्टचं डीसी करतो, इतकंच. बॅटरीत किती करंट सोडायचा हे लॅपटॉपच्या मदरबोर्डवरची चिप ठरवते.

ती हे काम दोन टप्प्यांत करते. पहिल्या टप्प्यात करंट ठरावीक ठेवते आणि सेलचं व्होल्टेज हळूहळू वर चढू देते. व्होल्टेज कमाल मर्यादेला पोहोचलं की दुसरा टप्पा: आता व्होल्टेज तिथेच धरून ठेवायचं आणि करंट कमी कमी होऊ द्यायचा. डेपोत लागलेल्या रिकाम्या एसटीत पहिले तीस जण झटपट बसतात, आणि शेवटच्या आठ-दहा जणांना जागा शोधत मागेपुढे फिरावं लागतं, तसंच ग्राफाइटच्या थरांत उशिरा येणाऱ्या आयनांचं होतं. म्हणून 80 टक्के तासाभरात होतात आणि उरलेल्या 20 ला जवळपास तेवढाच वेळ लागतो. करंट पहिल्याच्या दहाव्या-विसाव्या भागापर्यंत उतरला की चिप चार्जिंग बंद करते.

यानंतर चार्जर लावलेलाच असेल तर लॅपटॉप थेट अडॅप्टरवर चालतो आणि बॅटरी नुसती बसून असते. कधी कधी ती 96 टक्के दिसते आणि शेजारी 'चार्ज होत नाही' असं येतं. यात बिघाड काही नाही. 100 च्या किंचित खाली आल्या आल्या पुन्हा भरायला लागू नये, म्हणून मुद्दाम ठेवलेली ती सूट असते.

गेमिंग किंवा व्हिडिओ एडिटिंगच्या लॅपटॉपची गोष्ट थोडी वेगळी आहे. अडॅप्टर जेवढं देतो त्याहून जास्त वीज प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डला क्षणभर लागली, तर उरलेली ती बॅटरीतून घेतात. म्हणून अशा मशीनवर चार्जर लावलेला असतानाही खेळताना टक्के थोडे उतरलेले दिसू शकतात.

बॅटरी म्हातारी का होते

ग्राफाइटच्या पृष्ठभागावर पहिल्याच चार्जिंगमध्ये एक पातळ साय धरते. ती हवीच असते, कारण तिच्यामुळे आतला द्रव ग्राफाइटपासून वेगळा राहतो. पण ती हळूहळू जाड होत जाते आणि प्रत्येक वेळी थोडं लिथियम कायमचं अडकवून ठेवते. तेवढी क्षमता गेली. साय जाड झाली की आतला अडथळाही वाढतो. मग जास्त वीज मागितली की सेलचं व्होल्टेज एकदम खाली बसतं.

ही झीज दोन तऱ्हांनी होते. एक वापरामुळे: आयनांच्या येण्याजाण्याने थर फुगतात, आकसतात, त्यांना बारीक तडे जातात. दुसरी नुसत्या काळामुळे, लॅपटॉप कपाटात पडून असला तरी. या दुसऱ्या झिजेकडे कुणी लक्ष देत नाही, आणि टेबलावर चार्जर लावून चालणाऱ्या लॅपटॉपचं खरं नुकसान तीच करते. बॅटरी क्षेत्रात अनेक वर्षं वापरले जाणारे ढोबळ आकडे असे: 25 अंश सेल्सिअसला 40 टक्के भरलेली बॅटरी वर्षभर ठेवली तर साधारण 96 टक्के क्षमता उरते, तीच 100 टक्के भरून ठेवली तर 80 च्या आसपास. 40 अंशांना हेच आकडे 85 आणि 65 होतात. सेलच्या रचनेनुसार ते पुढेमागे होतील, पण दिशा सगळीकडे हीच.

वापराच्या झिजेचं गणित सायकलमध्ये मोजतात. एक सायकल म्हणजे एकूण 100 टक्के वापर, मग तो एका दमात असो की चार दिवसांत रोज 25. साध्या लॅपटॉपच्या बॅटरीला 300 ते 500 सायकल धरतात. ॲपल आपल्या अलीकडच्या मॅकबुकसाठी 1000 सायकलनंतर 80 टक्के क्षमता असा आकडा देते. त्यातही 100 वरून 0 पर्यंतची एक मोठी उडी 75 ते 50 अशा चार छोट्या उड्यांपेक्षा बॅटरीला जास्त शिणवते. म्हणून मध्येच चार्जिंगला लावलं, मध्येच काढलं, तरी काही बिघडत नाही. उलट ते चांगलंच.

उन्हाळ्याबद्दल जरा जास्त सांगायला हवं. मॅकबुक 10 ते 35 अंशांच्या हवेत वापरावा, असं ॲपल सांगते. मे महिन्यात नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे बाहेर 45 अंश असताना पंख्याखालच्या खोलीतही 35 च्या वर पारा असतो, आणि लॅपटॉपच्या आत बॅटरी त्याहून आठ-दहा अंश जास्त तापलेली. साधारण 45 अंशांच्या पुढे बऱ्याच लॅपटॉपची चिप चार्जिंग मंद करते किंवा थांबवते. 'दुपारी चार्जच होत नाही' या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असतं. अशा घरी सकाळी किंवा रात्री चार्ज करून घ्या आणि दुपारी चार्जिंगची मर्यादा 60 किंवा 80 टक्क्यांवर ठेवा (ती कशी लावायची ते पुढे येतंय). फास्ट चार्जिंग बंद करता येत असेल तर उन्हाळाभर बंदच ठेवा. उन्हात उभ्या गाडीत लॅपटॉप अजिबात ठेवू नका.

गादीवर, उशीवर किंवा पांघरुणावर ठेवलेल्या लॅपटॉपची खालची जाळी बुजते आणि पंख्याला हवाच मिळत नाही. तळहाताखालची जागा कोमट वाटली तर चालेल. चटका जाणवला तर बॅटरी तापली आहे. वर्षातून एकदा पंख्यातली धूळ काढून घेणं हा बॅटरीसाठीही स्वस्तातला उपाय आहे.

आणखी एक लपलेली उष्णता सॅकमधली. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो असं आपण धरून चालतो, पण आजचे बरेच विंडोज लॅपटॉप झोपेतही इंटरनेट चालू ठेवतात, मध्येच जागे होतात आणि बंद सॅकमध्ये तापतात. प्रवासाला निघताना हायबरनेट करा, म्हणजे चालू काम डिस्कवर साठवून लॅपटॉप पूर्ण बंद होतो. हा पर्याय विंडोजमध्ये लपवलेला असतो: कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, डावीकडे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', मग 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल', आणि खाली हायबरनेटवर खूण.

मर्यादा कुठे लावायची

सगळ्या लेखातलं एकच काम करायचं असेल तर हे करा. बहुतेक कंपन्यांनी चार्जिंग 80 किंवा 60 टक्क्यांवर थांबवायची सोय दिलेली आहे. विंडोजच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये सगळ्या लॅपटॉपना लागू होईल असा पर्याय नाही, त्यामुळे कंपनीचंच ॲप उघडावं लागतं.

लेनोव्होच्या आयडियापॅडमध्ये 'व्हँटेज' ॲपच्या पॉवर विभागात 'कॉन्झर्वेशन मोड' आहे. नव्या मॉडेलमध्ये तो 80 च्या आसपास थांबतो, जुन्यांत 60. तो चालू असताना 'रॅपिड चार्ज' चालत नाही. थिंकपॅडमध्ये सुरू आणि बंद असे दोन आकडे स्वतः देता येतात; 75 आणि 80 चांगले. डेलमध्ये सुरू होताना एफ-2 दाबून बायोसमधल्या, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंगमधल्या, बॅटरीच्या विभागात जा. 'प्रायमरिली एसी यूज' निवडा किंवा 'कस्टम'मध्ये सुरुवात 50, शेवट 80 द्या. एचपीच्या अनेक मॉडेलमध्ये एफ-10 दाबून बायोसमध्ये 'बॅटरी हेल्थ मॅनेजर' आणि त्यात 'मॅक्सिमाइझ माय बॅटरी हेल्थ' हा पर्याय मिळतो. आसुसमध्ये 'मायआसुस' ॲपमध्ये, एसरमध्ये 'केअर सेंटर' किंवा 'एसरसेन्स'मध्ये 80 ची मर्यादा आहे. मॅकमधलं 'ऑप्टिमाइझ्ड बॅटरी चार्जिंग' तुमची वेळ ओळखून 80 वर थांबतं आणि तुम्ही चार्जर काढण्याच्या सुमारास उरलेलं भरतं. पण तुमची वेळ रोज बदलत असेल तर त्याचा फारसा उपयोग होत नाही. लिनक्सवाल्यांना केडीई प्लाझ्मामध्ये आणि ग्नोम 48 पासून पुढे सेटिंगमध्येच ही सोय मिळते, लॅपटॉप साथ देत असेल तर.

मर्यादा लावली की टेबलावर चार्जर बिनधास्त लावून ठेवा. प्रवासाच्या आदल्या रात्री ती काढा, सकाळी 100 करून निघा. थोडा वेळ 100 वर राहिल्याने काही होत नाही. प्रश्न महिनोन् महिने तिथे राहण्याचा आहे.

जुन्या मॉडेलमध्ये ही सोय नसेल तर? दर तासाला चार्जर लावत-काढत बसू नका. थंड खोलीत चार्जर लावून काम करा आणि आठवड्यातून एक-दोनदा बॅटरीवर चालवून 40-50 पर्यंत उतरवा. बॅटरी आपल्यासाठी आहे, आपण तिच्या दिमतीला नाही.

अडॅप्टर, पिन आणि केबल

दुरुस्तीच्या दुकानात 'बॅटरी गेली' म्हणून येणाऱ्या लॅपटॉपमध्ये दोष कित्येकदा अडॅप्टरचा निघतो. एचपी आणि डेलच्या गोल पिनकडे नीट पाहा. नळीसारख्या पिनच्या आत मधोमध सुईएवढी बारीक काडी असते. तिच्यातून वीज येत नाही. 'मी 65 वॅटचा अमुक अडॅप्टर आहे' एवढा निरोप तिच्यातून लॅपटॉपला जातो. ही काडी वाकली किंवा मोडली, किंवा केबलमधली तिची तार तुटली, तर लॅपटॉप अडॅप्टरवर चालतो पण बॅटरी भरत नाही, आणि प्रोसेसरही मुद्दाम मंद होतो. डेलमध्ये सुरू होताना अडॅप्टर ओळखता येत नाही असा संदेशही येतो. नवी बॅटरी विकत घेण्याआधी त्याच वॅटचा दुसरा अडॅप्टर लावून बघा. पैसे वाचतील.

अडॅप्टरवर 19.5 व्होल्ट, 3.33 अँपिअर लिहिलेलं असेल तर तो 65 वॅटचा. गोल पिनचा नवा अडॅप्टर घेताना व्होल्ट आणि पिन तंतोतंत तेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत. 65 च्या जागी 45 वॅटचा लावला तर काम करताना बॅटरी भरण्याऐवजी उतरू शकते, आणि अडॅप्टर तापून लवकर जातो.

टाइप-सी चार्जिंगमध्ये आधी बोलणी होतात. चार्जर सुरुवातीला 5 व्होल्टच देतो, लॅपटॉप 20 मागतो, चार्जर हो म्हणतो, मग खरी वीज सुरू होते. त्यामुळे 100 वॅटचा चार्जर 45 वॅटच्या लॅपटॉपला लावला तरी धोका नाही. लॅपटॉप लागेल तेवढंच घेतो. इथे घोटाळा होतो तो केबलचा. साधी टाइप-सी केबल 3 अँपिअरची असते, म्हणजे 20 व्होल्टला 60 वॅट. 65 वॅटला 3.25 अँपिअर लागतात, आणि त्यासाठी ओळख सांगणारी चिप असलेली 5 अँपिअरची केबल हवी. फोनची केबल लावून 'स्लो चार्जर' असा संदेश आला तर आधी केबल बदला. दोन-तीन पोर्टच्या 65 वॅटच्या चार्जरला शेजारी फोन लावला की लॅपटॉपच्या वाट्याला बहुधा 45 च उरतात, हेही लक्षात असू द्या.

धातूच्या बॉडीच्या लॅपटॉपवर हात फिरवताना झिणझिण्या येतात का? अडॅप्टरच्या आत गडबड गाळण्यासाठी बसवलेल्या कपॅसिटरमधून अगदी थोडा करंट बाहेर झिरपतो आणि तो तीन पिनी प्लगच्या अर्थिंगमधून जमिनीत जायला हवा. प्लगला टू-पिन कन्व्हर्टर लावला असेल किंवा घरातलं अर्थिंगच नीट नसेल, तर तो बॉडीवर राहतो. कन्व्हर्टर काढा आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. झिणझिण्या सोडून स्पष्ट झटका बसला तर तो अडॅप्टर परत लावू नका.

अडॅप्टरवर 100 ते 240 व्होल्ट छापलेलं असतं, त्यामुळे गावाकडे व्होल्टेज 170 पर्यंत पडलं तरी तो चालतो. त्याला मारतो तो लाइट परत येतानाचा उसळलेला झटका. लाइट गेली की बटण बंद करा, आल्यावर दोन-तीन मिनिटांनी लावा. वळवाच्या पावसात विजा कडाडत असतील तर प्लगच बाहेर काढा. सर्ज प्रोटेक्टर जवळच्या विजेपुढे टिकेलच असं नाही.

'प्लग्ड इन, नॉट चार्जिंग' आलं तर

आधी मर्यादा 80 किंवा 60 वर लावलेली नाही ना ते पाहा. मग लॅपटॉप गरम आहे का ते. असेल तर अर्धा तास थंड होऊ द्या. मग वर सांगितल्याप्रमाणे दुसरा अडॅप्टर. तरीही नसेल तर लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, पॉवर बटण 30 सेकंद दाबून धरा, मग चार्जर लावून सुरू करा. चार्जिंगचा हिशेब ठेवणारी चिप यामुळे नव्याने सुरू होते. शेवटचा उपाय म्हणून डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'बॅटरीज'खाली 'मायक्रोसॉफ्ट एसीपीआय-कम्प्लायंट कंट्रोल मेथड बॅटरी' अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करा. ती नोंद आपोआप परत येते.

बॅटरी किती उरली, ते मोजा

विंडोजमध्ये स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून कमांड प्रॉम्प्ट उघडा. तिथे इंग्रजीत पॉवर, त्याला जोडूनच सी-एफ-जी, मग एक जागा सोडून उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ आणि तिला चिकटून बॅटरी-रिपोर्ट हे दोन शब्द एकत्र, मध्ये जागा न सोडता, असं लिहून एंटर करा. तुमच्या यूझर फोल्डरमध्ये एक फाइल तयार होते. ती ब्राउझरमध्ये उघडते. तिच्यात 'डिझाइन कपॅसिटी' 50,160 आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' 40,130 असेल, तर दुसऱ्याला पहिल्याने भागा: बॅटरी 80 टक्के उरली आहे. सायकलचा आकडाही तिथेच असतो, काही लॅपटॉप तो देत नाहीत. मॅकमध्ये हे सिस्टिम इन्फर्मेशनच्या पॉवर विभागात मिळतं. सेकंडहँड लॅपटॉप घेताना हा रिपोर्ट समोर काढून दाखवायला सांगा.

माझ्या मते 80 च्या वर असेल तर चिंता नको, 60 ते 80 मध्ये असेल तर बॅकअप कमी झालाय हे धरून वापरा, आणि त्याखाली गेली की बदलायची तयारी ठेवा.

टक्के 30 दाखवत असताना लॅपटॉप धाडकन बंद पडतो, त्याची दोन कारणं असू शकतात. टक्के मोजणारी चिप आत-बाहेर जाणारा करंट मोजून अंदाज बांधते, आणि बॅटरी कायम 80 वरच राहिली तर तो अंदाज भरकटतो. उपाय: 100 करा, दोन तास तसंच ठेवा, मग बॅटरीवर चालवत 5-7 टक्क्यांना हायबरनेट होऊ द्या, थोड्या वेळाने न थांबता पुन्हा 100 करा. दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरे. याने बॅटरी सुधारत नाही, फक्त काटा जागेवर येतो. एवढं करूनही बंद पडत असेल तर ओळीतल्या तीन सेलपैकी एक थकलेला आहे. तो सगळ्यात आधी खाली बसतो आणि सर्किट पूर्ण बॅटरीच तोडतं. तिथे काटा जागेवर आणायचा हा उपाय (कॅलिब्रेशन) काही करू शकत नाही.

लॅपटॉप महिनोन् महिने ठेवून द्यायचा असेल तर 50 टक्क्यांवर पूर्ण बंद करून ठेवा आणि दर तीन महिन्यांनी बघा. 0 वर ठेवलेला लॅपटॉप हळूहळू आणखी उतरतो. सेलचं व्होल्टेज फारच खाली गेलं की पत्र्यातलं तांबं द्रवात विरघळू लागतं, आणि पुढे चार्ज करताना ते आत भलतीकडे साचून शॉर्ट होऊ शकतं. म्हणूनच संरक्षक सर्किट अशी बॅटरी पुन्हा भरू देत नाही. बाहेरून सेलला थेट वीज देऊन ती 'जागी' करण्याचे व्हिडिओ फिरतात. ते करू नका.

फुगली तर

टचपॅड क्लिक होईना, तो एका बाजूने वर आला, टेबलावर लॅपटॉप डुगडुगू लागला, झाकण नीट बसेना, ही फुगलेल्या बॅटरीची लक्षणं. आतला द्रव विघटन पावून वायू तयार होतो आणि सेलची चांदीसारखी पिशवी फुगते. ती बॅटरी वाया गेली आहे, आणि टाचणीने वायू काढून देणं म्हणजे आगीला आमंत्रण. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, फरशीवर किंवा कपड्या-कागदांपासून दूर ठेवा, दाबून बसवायला जाऊ नका, सर्व्हिस सेंटरला नेऊन काढून घ्या. धूर किंवा फुसफुस आवाज आला तर शक्य असल्यास मेनचं बटण बंद करा, खोलीतून बाहेर पडा आणि 101 ला फोन लावा. 2006 मध्ये डेलने सोनीचे सेल असलेल्या तब्बल 41 लाख बॅटऱ्या परत मागवल्या होत्या, त्या सेलमध्ये राहिलेल्या धातूच्या सूक्ष्म कणांमुळे. एवढासा कण पुरतो, तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक काय करेल, याचा विचार करा.

नवी बॅटरी घेताना जुनीवरचा पार्ट नंबर अक्षर न् अक्षर जुळवा. व्होल्टेजमध्ये 10.8 आणि 11.1 एकमेकांच्या जागी चालतात, 11.1 च्या जागी 14.8 चालत नाही. गोल सेलच्या बॅटरीवर एका सेलमागे 3600 एमएएचपेक्षा जास्तीचा दावा असेल तर ती सोडून द्या, तेवढं त्या आकाराच्या सेलमध्ये सहसा मावत नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या बॅटरीवर बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) खूण, आयएस 16046 आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो क्रमांक टाकून पाहता येतो. उत्पादनाची तारीखही बघा. तीन वर्षं दुकानात पडून असलेली 'नवी' बॅटरी नवी नसते. बसवल्यावर लगेच रिपोर्ट काढा: सायकल शून्याच्या आसपास आणि फुल चार्ज कपॅसिटी डिझाइनच्या जवळ असेल तरच पैसे वसूल.

विमानाने जाताना सुटी बॅटरी केबिनच्या बॅगेतच न्यायची, चेक-इनमध्ये नाही. 100 वॅट-अवरपर्यंत सहसा अडचण येत नाही, 100 ते 160 ला विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढची नेता येत नाही. बहुतेक लॅपटॉपच्या बॅटऱ्या 100 च्या आतच ठेवलेल्या असतात, त्याचं कारण हेच.

काढलेली जुनी बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात किंवा भंगारात देऊ नका. कचरागाडीत ती दाबली गेली की पेटते. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. म्हणून जोडणीच्या पिनांवर चिकटपट्टी लावा, बॅटरी एका कोरड्या खोक्यात ठेवा आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला किंवा अधिकृत ई-कचरा केंद्राला द्या.